शिक्षक होऊ पाहणाऱ्यांचे कर्ज कोणी फेडायचे?

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने आज बँकेचे पत्र आणून माझ्या हातात दिले, आणि तेव्हापासून माझे कशातच लक्ष लागत नाही. बी.एस्सी. झाल्यावर बी.एड.साठी तिने शैक्षणिक कर्ज घेतले होते, वडील सहकर्जदार. हप्ते थकले आहेत, तातडीने भरा, अन्यथा पुढील कारवाई होईल, असे त्या इंग्रजी पत्रात लिहिले आहे. वडिलांनी ते सातबारा ठेवतात त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवले होते. आता जमिनीवर टाच येणार, अशी त्यांची समजूत झाली होती. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नसते, हे मी तिला दोनदा सांगितले आणि मग वडिलांना फोन लावून पुन्हा सांगितले.

या मुलीने काय करायचे बाकी ठेवले आहे, ते मला कोणीतरी सांगावे. ती टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण आहे. शिक्षक भरतीसाठीची 2023 ची अभियोग्यता चाचणी तिने दिली, निवड थोडक्यात हुकली. 2025 ची पुन्हा दिली आणि आता शासनाच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरील यादीकडे डोळे लावून बसली आहे. तोपर्यंत एका खासगी शाळेत तासिका तत्त्वावर गणित शिकवते. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत तास नसतात, म्हणून पैसे नसतात. हप्त्याला मात्र सुट्टी नाही.

माझा सगळा राग आहे तो इथे. अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभराची सवलत मिळते आणि मग परतफेड सुरू होते, हे कर्ज मंजूर होतानाच कागदावर ठरलेले असते. भरतीचे मात्र काहीच ठरलेले नसते. पहिली अभियोग्यता चाचणी 2017 च्या डिसेंबरात झाली आणि त्यानंतरची थेट 2023 मध्ये. मध्ये कोरोना होता, हे मान्य. पण पाच वर्षे काही कोरोना नव्हता. भरती लांबवायची सरकारने आणि त्या लांबलेल्या काळाचे व्याज भरायचे एका अल्पभूधारकाच्या मुलीने, हा कुठला न्याय झाला?

यादीत नाव लागले तरी पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक, म्हणजे पूर्ण पगाराऐवजी ठरावीक मानधन. हे मानधन प्राथमिकला महिना सहा हजार होते. 2023 मध्ये ते सोळा हजार झाले, आणि त्यासाठीही शिक्षकांना किती वर्षे मागणी करत राहावे लागले, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. घरापासून दोन जिल्हे लांब खोली घ्यायची, जेवणाचे बघायचे, घरी काही पाठवायचे आणि त्यातूनच हप्ता भरायचा. आमच्या वेळी बी.एड. एका वर्षात होत असे. 2015 पासून ते दोन वर्षांचे झाले, म्हणजे शुल्क दोन वर्षांचे, वसतिगृह आणि खाणावळही दोन वर्षांची. माझे आजोबा फायनल (त्या काळची सातवीची परीक्षा) होऊन आधी शाळेवर लागले आणि मग स्कूल बोर्डाने त्यांना विद्यावेतन देऊन ट्रेनिंगला पाठवले. शिक्षक घडवणे हे आपले काम आहे, एवढी जाण त्या काळच्या सरकारला होती.

योजना नाहीत असे मी म्हणत नाही. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांसाठी केंद्राचे व्याज अनुदान आहे. पण ते सवलतीच्या काळापुरतेच, म्हणजे खरी ओढाताण सुरू होते तिथे ते संपते. राज्याने 2024 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्कमाफी दिली, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्याआधी शिकून बाहेर पडलेल्यांचे काय? केंद्राची पीएम-विद्यालक्ष्मी ही कर्ज योजना तर निवडक, वरच्या क्रमांकाच्या संस्थांसाठी आहे. तालुक्याच्या गावातले बी.एड. महाविद्यालय त्यात कुठून येणार? 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच लिहिले आहे, की ग्रामीण भागात चार वर्षांच्या एकात्मिक बी.एड.साठी गुणवत्तेवर विशेष शिष्यवृत्त्या द्याव्यात आणि शिक्षण पूर्ण झाल्यावर त्याच भागात नोकरीत प्राधान्य द्यावे. शासनाने स्वतः कबूल केलेली ही गोष्ट कुणी भीक मागितल्यासारखी मागू नये.

पत्र वाचत असताना ती माझ्या टेबलावरच्या नववीच्या उत्तरपत्रिका चाळत होती. एका पोराने समीकरणात पद पलीकडे नेताना चिन्ह बदलले नव्हते. ती म्हणाली, "बाई, याचं उत्तर चुकलंय, पण पुढची सगळी रीत बरोबर आहे. पायऱ्यांचे गुण द्या त्याला." मग पेन्सिल घेऊन, हेच याला तराजू काढून कसे दाखवायचे, ते तिने मला दाखवले. थकबाकीचे पत्र समोर पडलेले असताना ती त्या अनोळखी पोराच्या चिन्हाचा विचार करत होती. अशी मुलगी उद्या कंटाळून एखाद्या कॉल सेंटरला गेली, तर तिला दोष द्यायला माझी जीभ रेटणार नाही.

कर्जमाफीने परतफेडीची शिस्त बिघडते, असे म्हणणारे म्हणतील. त्यात थोडे तथ्य आहे आणि हजेरी न लावता पदवी देणारी बी.एड. महाविद्यालयेही आहेत, हेही खरे. शेतकऱ्याच्या कर्जमाफीला माझा तेव्हाही पाठिंबा होता, आजही आहे. पण इथे मी फुकटची माफी मागत नाही. सरकारी वा अनुदानित शाळेत, त्यातही जिथे कोणी जायला तयार नसते त्या भागात, जो पाच वर्षे शिकवेल त्याचे कर्ज दरवर्षी पाचव्या हिश्शाने शासनाने फेडावे, आणि भरतीची वाट पाहण्याच्या काळातले व्याज शासनानेच सोसावे. अमेरिकेत गरीब वस्तीतील शाळेत सलग पाच वर्षे शिकवणाऱ्याचे सरकारी शैक्षणिक कर्ज ठरावीक मर्यादेपर्यंत माफ होते. गणित, विज्ञान आणि विशेष शिक्षणाच्या शिक्षकांसाठी ती मर्यादा 17,500 डॉलर आहे. आपल्याला हे करता येणार नाही असे मला वाटत नाही.

विधान परिषदेत शिक्षकांचे सात आमदार आहेत. तासिकेवर राबणाऱ्या किंवा यादीची वाट पाहणाऱ्या या मुलांना त्या निवडणुकीत मत नसते. मत आपल्याला, पूर्णवेळ नोकरीतल्या माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना असते. उमेदवार शिक्षक खोलीत येऊन जुन्या पेन्शनवर बोलतील, तेव्हा त्यांना या कर्जाविषयी विचारा आणि काय उत्तर दिले ते इथे खाली लिहा. मी उद्या तिच्या वडिलांना घेऊन बँकेत जाणार आहे, हप्त्यांची फेररचना मागायला.