स्वयंभू होऊ घातलेल्यांसाठी

मालकाची मनधरणी करून परदेशी जायचं नाही, असं तुम्ही ठरवलंत ते फार बरं केलंत. कंपनीनं व्हिसा काढायचा आणि आपण त्या दावणीला वर्षानुवर्षं बांधून घ्यायचं, पगारवाढ मागताना आवाज जरा चढला तरी मुलांच्या शाळेचं काय होईल याचा घोर लागायचा, हे काही हुशार माणसाचं जिणं नव्हे. त्यातून अमेरिकेच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची ती सोडत. वर्षाला ८५,००० जागा आणि त्यांच्यासाठी देव पाण्यात घालून बसलेले काही लाख. सप्टेंबर २०२५ पासून तर अमेरिकेबाहेरून येणाऱ्या नव्या उमेदवारामागे मालकाला एक लाख डॉलर भरायला सांगितलंय. तुमच्यावर कोणाचा एवढा जीव असेल असं मला तरी वाटत नाही.

मूर्ती कोणी न घडवता आपसूक जमिनीतून वर आली की तिला आपण स्वयंभू म्हणतो. माणूस मालकाशिवाय, नोकरीच्या पत्राशिवाय स्वतःच स्वतःचा अर्ज करतो, त्याला अमेरिकी व्हिसाच्या भाषेत सेल्फ-पिटिशन म्हणतात. आता मूर्तीला आपण आपसूक वर आल्याचे पुरावे अनुक्रमणिकेसह जोडावे लागत नाहीत, तुम्हाला लागतील. पण देवपण म्हटलं की टाकीचे घाव आलेच.

कायमच्या वास्तव्याचं ग्रीन कार्ड मिळवायचा मानाचा मार्ग म्हणजे ईबी-१ए, 'असामान्य क्षमता' असलेल्यांची श्रेणी. नोबेलच्या तोडीचं एखादं पारितोषिक खिशात असेल तर तेवढ्यावर भागतं. नसेल तर दहा निकषांपैकी किमान तीन पुरे करायचे. शाळेत पस्तीस टक्क्यांना काठावर पास म्हणत. इथे तीस टक्क्यांत माणूस असामान्य होतो. आणखी काय सवलत हवी?

निकषांत पहिला पारितोषिकाचा. ते मिळवायला काहीतरी करून दाखवावं लागतं, या समजुतीत तुमची वर्षं फुकट गेलीत. ज्या स्पर्धेचं प्रवेशशुल्क घसघशीत आणि विजेत्यांची यादी इतकी लांब की हरलेला माणूस दुर्बिणीनं शोधावा लागतो, ती आपली स्पर्धा. आणखी एक निकष इतरांच्या कामाचं परीक्षण केल्याचा. तेव्हा पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत परीक्षक म्हणून बसा आणि आपल्यासारख्याच एका होतकरूला सुवर्णपदक द्या. त्याच्या पुढच्या वर्षी तो बसेल. एकमेकां साहाय्य करू, अवघे धरू सुपंथ.

मग तुमच्याविषयी छापून आलेला मजकूर. मुलाखत घ्या, म्हणजे स्वतःचीच. प्रश्नही तुम्हीच काढायचे: 'एवढ्या लहान वयात एवढी मोठी झेप कशी घेतलीत?' वय ४१ असलं तरी चालतं. 'प्रायोजित मजकूर' हे शब्द वर बारीक अक्षरांत असतील, ते फाइलीत लावताना पानाच्या घडीत जातात. अधिकाऱ्यांना ही घडी उलगडता येते असं ऐकतो, पण तुम्ही मन खट्टू करू नका.

इथे एक गोष्ट बोलून टाकतो, उपरोध क्षणभर बाजूला ठेवून. ज्या माणसामुळे रात्री सर्व्हर पडत नाही, त्याच्याविषयी कुठेही चार ओळी छापून येत नाहीत. सर्व्हर पडला की येतात. त्याच्या क्षेत्रात पदकं नसतात, त्याचं निम्मं काम गोपनीयतेच्या कराराखाली गाडलेलं असतं आणि उरलेलं त्याला चारचौघांत सांगायची लाज वाटते. दहा निकषांत लाजेला जागा नाही. असो.

आता शिफारसपत्रं. यात खरा कस लागतो. तुमच्या साहेबानं तुम्हाला चांगलं म्हटलं तर त्याला फारसं वजन नसतं, तो ओळखीचा पडला. वजन असतं तुम्हाला कधीही न भेटलेल्या थोर माणसाच्या शब्दाला. पण न भेटलेला माणूस तुमच्याविषयी लिहिणार काय? म्हणून पत्राचा मसुदा तुम्हीच लिहून पाठवायचा आणि त्यानं सही करायची. सहा पत्रं लागतात असं धरा. म्हणजे सहा वेगवेगळ्या थोर माणसांच्या अंगात शिरून सहा वेळा स्वतःला ओवाळायचं. प्राध्यापकाच्या पत्रात वाक्यं लांबलचक हवीत, उद्योजकाच्या पत्रात तोकडी. एकानं तुम्हाला 'दूरदर्शी' म्हटलं असेल तर दुसऱ्याच्या तोंडी तो शब्द नको. सहाही पत्रं 'मी त्यांना प्रत्यक्ष भेटलेलो नाही, परंतु' अशीच सुरू झाली, तर आरएफई आलाच म्हणून समजा. आरएफई म्हणजे अधिक पुराव्यांची मागणी. साध्या भाषेत, हे काही पटलं नाही बुवा.

तीन निकष झाले म्हणून पेढे वाटू नका. २०१० मधल्या काझारियन खटल्यापासून दोन पायऱ्या आहेत. निकषांवर बरोबरच्या खुणा झाल्या की अधिकारी सगळी फाइल मिटून बघतो आणि विचारतो, ते सगळं ठीक, पण हा माणूस खरोखर आपल्या क्षेत्राच्या शिखरावरच्या मोजक्यांत आहे का? मग दहा निकष कशाला ठेवले होते, असं विचारू नये.

एवढा असामान्यपणा अंगाला लावून घ्यायला संकोच वाटत असेल तर एनआयडब्ल्यू आहे, राष्ट्रहितासाठी मालकाची अट माफ. २०१६ च्या धनसार निकालानं त्याची तीन टप्प्यांची कसोटी घालून दिली. कामात दम आणि राष्ट्रीय महत्त्व हवं, ते तडीस न्यायची तुमची तयारी हवी आणि तुम्हाला अट माफ करण्यात अमेरिकेचं भलं हवं. म्हणजे तुम्ही रोज लॉगिनचं बटण दोन मिलिमीटर डावीकडे सरकवत असाल, तर 'राष्ट्राच्या डिजिटल पायाभूत सुरक्षेचं सबलीकरण' असं लिहायचं. आपल्या कामाला असं नाव असू शकतं हे कळल्यावर अनेकांची पाठदुखी थांबते.

अर्ज मंजूर झाला! आता रांगेत उभे राहा. रोजगारावर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना ढोबळमानानं सात टक्के. इथे तुमची पदकं, पत्रं, मुलाखत काही कामाचं नाही. बघतात फक्त जन्म कुठे झाला ते. एनआयडब्ल्यूच्या श्रेणीत भारतात जन्मलेल्यांची तारीख, म्हणजे ज्या दिवसापर्यंत अर्ज केलेल्यांचा नंबर लागलाय ती, २०२५ मध्ये २०१३ पाशी रेंगाळत होती. राष्ट्राला तुमची निकड आहे हे त्यांनी मान्य केलंय, घाई आहे असं कुठे म्हटलंय?

मात्र कायदा दयाळू आहे. जोडीदाराचा जन्म दुसऱ्या देशातला असेल तर त्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं. तेव्हा स्थळं बघताना पत्रिकेतलं जन्मस्थळ जरा नीट बघा, मंगळाचं नंतर पाहू. पण ऑस्ट्रेलियाला जायचं असेल तर थांबा. तिथे सबक्लास १८९ या मालकाशिवायच्या कुशल कामगार व्हिसासाठी किमान ६५ गुण लागतात आणि अविवाहिताला १० गुण मिळतात. जोडीदार तुमच्यासारखाच कुशल आणि वयात बसणारा असेल तरी १०. त्याला नुसतं कामापुरतं इंग्रजी येत असेल तर ५. तेही नसेल तर शून्य, म्हणजे संसारापायी थेट १० गुणांची खोट. कॅनडातही निवड गुणांवरच, तिथे विवाहिताच्या स्वतःच्या गुणांतले ४० काढून जोडीदाराचं शिक्षण, भाषा आणि कॅनडातला कामाचा अनुभव यांवर ठेवलेत. एरवी हा हिशेब सासरची मंडळी तोंडी करत. इथे तक्ता आहे.

वयाचाही तक्ता आहे. कॅनडात एकट्या माणसाला वयाच्या २० ते २९ वर्षांपर्यंत ११० गुण, तिसाव्या वाढदिवशी १०५, पंचेचाळिशीला शून्य. केक कापण्याआधी प्रोफाइल भरून टाका.

जर्मनीच्या चान्सेनकार्टेचं कौतुक करावं तेवढं थोडं. जून २०२४ पासून सहा गुण जमवले की वर्षभर तिथे राहून नोकरी शोधता येते, आठवड्याला २० तास कामही करता येतं. मालक नको म्हणून तुम्ही निघालात, आणि हा व्हिसा मालक शोधण्यासाठी आहे. ब्रिटनचा हाय पोटेन्शियल व्हिसा त्याहून सुटसुटीत, तुमची हुशारी तो विचारतच नाही, तुमचं विद्यापीठ यादीत आहे का एवढंच बघतो. २०२२ च्या पहिल्या यादीत भारतातलं एकही नव्हतं.

हे सगळं जड वाटत असेल तर सप्टेंबर २०२५ च्या आदेशानं अमेरिकेत एक राजमार्ग काढलाय. सरकारला दहा लाख डॉलरची देणगी द्या, ती देणगीच तुमच्या असामान्य क्षमतेचा पुरावा धरली जाते. शिफारसपत्रांची कटकट नाही. इतकी वर्षं जी गोष्ट सगळे मनात धरून होते, ती कोणीतरी अर्जात छापली, एवढंच.

तुमच्यापाशी तेवढे नसतील, तर फाइल वाढवत राहा. असाच एके दिवशी तुम्हाला एका अनोळखी माणसाचा ईमेल येईल. तुम्ही आपल्या क्षेत्रातले जागतिक कीर्तीचे स्वतंत्र तज्ज्ञ आहात, असं त्यात लिहिलेलं असेल. तुम्ही तो दोनदा वाचाल, घरात वाचून दाखवाल. खाली पत्राचा मसुदा जोडलेला असेल, 'मी त्यांना प्रत्यक्ष भेटलेलो नाही, परंतु' अशी सुरुवात असलेला. मजकुरात फेरफार करू नये, शुक्रवारपर्यंत सही करून पाठवावं, अशी नम्र विनंती असेल.