ऱ्योको तानी लग्नानंतर संपली? आधी निकाल तरी बघा

‘जपानची ज्युदोपटू ऱ्योको तानी कधीच हरली नव्हती. लग्न झालं आणि कारकीर्द संपली. ज्युदोत सारखं आपटल्याने मुलींच्या गर्भाशयाला इजा होते, पुढे मूल होत नाही. उंची नसेल तर या खेळात काही खरं नाही. मुलींना वेळीच थांबवा.’ तानीच्या फोटोसकट हा मेसेज सगळीकडे फिरतोय. एरवी सोडून दिलं असतं, पण तो ताईकडे पोचला आणि भाचीचा ज्युदो बंद करायची भाषा घरात सुरू झाली. म्हणून हे लिहितोय.

आधी गर्भाशयाचं, कारण सगळ्यात वाईट थाप तीच आहे. अहो, जिचा फोटो लावलाय तिलाच दोन मुलगे आहेत! थोरला २००५च्या अगदी शेवटी झाला, धाकटा २००९मध्ये. ज्युदोत आधी पडायला शिकवतात, पाडायला नंतर. हनुवटी छातीशी, पाठ गोल, आणि अंग मॅटला टेकताना पसरलेल्या हाताने मॅटवर सपकन थाप. मग आपटण्याचा जोर एकाच जागी बसत नाही. हे अंगवळणी पडेपर्यंत चांगला प्रशिक्षक मोठे डाव टाकूच देत नाही. गर्भाशय ओटीपोटात हाडांच्या कोंदणात असतं. मॅटवर पडून वंध्यत्व येतं याला काडीचा वैद्यकीय आधार नाही. गरोदरपणात असे अंगाला भिडणारे खेळ थांबवतात, ती गोष्ट वेगळी.

दुखापती होतात, त्या गुडघ्याला, खांद्याला, बोटांना. आणि वजनगटात बसण्यासाठी उपाशी राहून वजन उतरवलं तर पाळी बिघडू शकते, हे मात्र खरं. मुलीची काळजी असेल तर प्रशिक्षकाला हे विचारा. वाढत्या वयात वजन उतरवायला लावत असेल तर भांडा. खेळ कशाला बंद करता?

आता लग्न. आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाकडे प्रत्येक मोठ्या स्पर्धेचा निकाल आहे, तो कुणीही बघावा. लग्न २००३च्या डिसेंबरमध्ये झालं. पुढच्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकमध्ये ४८ किलो गटात सुवर्ण. लग्नाआधी तिचं आडनाव तामुरा होतं, तानी म्हणून हे पहिलं ऑलिंपिक. मग बाळंतपण, आणि २००७मध्ये रिओला सातवं जगज्जेतेपद. मुलगा तेव्हा दोन वर्षांचाही नव्हता. २००८ला बीजिंगमध्ये उपांत्य फेरीत रुमानियाच्या अलिना दुमित्रूविरुद्ध दंडाच्या गुणावर हरली आणि कांस्य घेऊन परतली. पाच ऑलिंपिक, पाच पदकं. याला संपणं म्हणतात?

‘कधीच हरली नाही’ हेही खोटं. १९९२ आणि १९९६, दोन्ही ऑलिंपिकच्या अंतिम लढती ती हरली. दुसऱ्यांदा तर उत्तर कोरियाच्या १६ वर्षांच्या के सुन-हुईकडून, सलग ८४ लढती जिंकल्यानंतर. चार वर्षांनी सिडनीत परत अंतिम फेरी. समोर रशियाची ल्युबोव ब्रुलेतोवा. प्रतिस्पर्ध्याच्या दोन मांड्यांमध्ये पाय घालून तिला वर उचलून फेकायचं, तो ‘उचिमाता’ डाव, आणि थेट इप्पोन, म्हणजे लढत तिथेच संपवणारा पूर्ण गुण. मिनिटभरही लागलं नाही. मला तिची सगळ्यात मोठी कमाई हीच वाटते: दोनदा सुवर्ण हातचं गेल्यावर तिसऱ्यांदा तिथे उभं राहणं.

उंचीबद्दल काय बोलायचं? तानीची उंची १४६ सेंटिमीटर.

एक गोष्ट मान्य करतो. आई झाल्यावर ती पूर्वीइतकी अजिंक्य राहिली नव्हती. २००७मध्ये देशांतर्गत निवड स्पर्धेच्या अंतिम लढतीत तोमोको फुकुमीने तिला हरवलं, तरी जागतिक स्पर्धेसाठी तानीलाच निवडलं. त्यावर टीका झाली आणि फुकुमीच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं मला आजही पटतं. पण याच फुकुमीने तानीला २००२मध्येही हरवलं होतं. तेव्हा तानीचं लग्न व्हायचं होतं आणि फुकुमी शाळेत शिकत होती.