पिट्सबर्गबद्दल थोडं राहून गेलेलं

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाची ओळख करून देणारा तुमचा लेख वाचला. ती ओळख क्रमवारी आणि फीच्या आकड्यांतच आटोपली, ते जरा खटकलं. मुलगी तिथे शिकत असताना महिनाभर राहून आले, म्हणून लिहिते. १७८७ साली सुरू झालेल्या या विद्यापीठाला कुंपण असं नाहीच. शहरातल्या ओकलंड भागाच्या हमरस्त्यावर वर्ग, इस्पितळं, खानावळी सगळं एकात एक. मधोमध विद्यापीठाची ४२ मजली इमारत, ‘कॅथेड्रल ऑफ लर्निंग’. ती उभी राहावी म्हणून शाळकरी पोरांनीही दहा-दहा सेंट दिले होते! खाली दगडी कमानींखाली मुलं लॅपटॉप उघडून बसलेली, एवढ्या उंच छताखाली गोंगाट मात्र नाही. तिथल्या देशोदेशींच्या शैलीत सजवलेल्या वर्गखोल्यांत आपली नालंदाच्या धर्तीवरची विटांची खोलीही आहे. तिथे दहा मिनिटं टेकले. जोनास साल्क या संशोधकांनी पोलिओची लस याच विद्यापीठात तयार केली, १९५५ मध्ये ती यशस्वी ठरल्याचं जाहीर झालं. त्यावर लेखात एक ओळही नाही? पोलादाचे कारखाने बहुतेक गेले, आता गावाचा संसार इस्पितळं आणि विद्यापीठांवर. आणि हो, चढउतार भयंकर. गुडघे कुरकुरत असतील तर सरळ बस धरा. विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर फुकट, आपल्याला तिकीट.