पेनिसिलिनमधली खरी कल्पकता हीटलींची

पेनिसिलिन या बुरशीपासून मिळणाऱ्या जंतुनाशक औषधावरचा एक लेख वाचला; त्यात सगळं श्रेय शास्त्रज्ञ फ्लेमिंगच्या १९२८ मधल्या बुरशी आलेल्या बशीला दिलंय. पण बुरशी वाढवलेल्या पाण्यातून पेनिसिलिन शुद्ध काढायला गेलं की त्याचा गुणच जायचा, घोडं तिथे अडलं होतं. ऑक्सफर्डचे जीवरसायनशास्त्रज्ञ नॉर्मन हीटली यांची युक्ती बघा: थंडगार द्रावण आम्लधर्मी केलं की पेनिसिलिन ईथरमध्ये (पाण्यात सहज न मिसळणाऱ्या द्रवात) उतरतं; तेच ईथर किंचित अल्कधर्मी पाण्याबरोबर हलवलं की पेनिसिलिन परत पाण्यात येतं, बरीचशी घाण मागे राहते. आम्लात ते टिकत नाही, म्हणून गारवा आणि घाई दोन्ही हवी. (बुरशी वाढवायला दवाखान्यातली शौचाची भांडीसुद्धा वापरली!) २५ मे १९४० ला आठ उंदरांना जंतू टोचले आणि त्यातल्या चारांना पेनिसिलिन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर औषध दिलेले चारही जिवंत, उरलेले चार मेलेले. पेनिसिलिनसाठी दिलेल्या १९४५ च्या नोबेलमध्ये मात्र हीटलींचं नाव नाही.