पानावर रेट काय?

काल एक्स्टर्नल सरांचा, म्हणजे माझ्या पीएचडीच्या बाहेरून आलेल्या परीक्षकांचा, फोन आला. व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, अहवालात काहीतरी राहिलं असणार, या विचाराने मला घाम फुटला. सोलापूरचा मे महिना, त्यामुळे तो आधीच फुटलेला होता म्हणा. सर म्हणाले, "मॅडम, ती चादर घरी पसंत पडली नाही हो. मरून रंगात मिळेल का बदलून?"

पीएचडी मिळाल्याचं नोटिफिकेशन अजून हातात पडलेलं नाही, म्हणून मी गोड आवाजात "बघते सर" म्हणाले. गंमत अशी की माझा प्रबंधच चादरीवर आहे. पूर्व भागातले यंत्रमाग कामगार, जकार्डची चादर, आणि सोलापुरी चादरीला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं त्याचं पुढे मागावर उभ्या असलेल्या माणसाच्या पदरात काय पडलं, हा विषय. त्यावर सरांनी एक अवाक्षर विचारलं नव्हतं. कुतूहल होतं ते फक्त डबल बेडच्या मापाबद्दल.

व्हायवाची तयारी म्हणजे लोकांना वाटतं अभ्यास. गाईड मॅडमनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, "प्रश्नांचं मी बघते, तू नाश्त्याचं बघ." मग मी नाश्त्याचं बघितलं. सरांना हुतात्मा एक्स्प्रेसवरून रात्री उतरवून घेणं, लॉजवर एसी चालू आहे का ते आधी जाऊन पाहणं, शेंगापोळ्या किती, कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पाकिटं किती, शुगरवाल्यांसाठी वेगळं काय. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, पीएचडीची 2022ची नियमावली माझी पाठ आहे. किमान 3 वर्षं, कमाल 6, बायकांना 2 वर्षं जादा सवलत. (त्या जादा वर्षांत बायका करतात तरी काय, असं एका सहकाऱ्याने विचारलं होतं. त्याच्या डब्यातली भाजी कोण करतं, ते मी विचारलं नाही.) त्या अख्ख्या नियमावलीत शेंगापोळी नाही, शाल नाही, चादर तर नाहीच नाही. पण ऑफिसात विचारलं तर उत्तर एकच, "प्रथा आहे मॅडम." संशोधनात मी असं लिहिलं असतं, तर शेजारी लाल पेनने 'संदर्भ?' असं आलं असतं.

व्हायवा चटकन उरकला. स्लाइड्स झाल्या. सरांनी विचारलं, "तुमच्या संशोधनाचं नावीन्य काय?" मी सांगत असताना ते संदर्भसूची चाळत होते. एका जागी स्वल्पविराम हवा की पूर्णविराम, यावर दोन्ही परीक्षकांची छान चर्चा रंगली. मग अध्यक्ष म्हणाले, "सभागृहातून कुणाला प्रश्न?" इथे मैत्रिणींना आधीच चिठ्ठ्या दिलेल्या असतात. माझी मैत्रीण चिठ्ठी शोधायला पर्समध्ये हात घालते आहे, तोवर शेवटच्या रांगेतून आवाज आला.

"मी एक विचारूलालो."

पांढरा लेंगा, वरती खाकी शर्ट, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. नातवाचं मायग्रेशन सर्टिफिकेट काढायला विद्यापीठात आलेले मामा. खिडकी जेवायला बंद झाली, म्हणून फॅनखाली येऊन बसलेले. अध्यक्ष गडबडले, पण व्हायवा खुला असतो. 2016च्या जुन्या नियमावलीत तर इच्छुक तज्ज्ञही बसू शकतात, असंच होतं. त्या खोलीत इच्छुकही मामाच होते आणि तज्ज्ञही.

"मॅडम, पुस्तक लै जाड हाय. किती पानं?"

"तीनशेच्या वर आहेत."

"पानावर रेट काय?"

मी म्हणाले, रेट नसतो. फी आपणच भरायची असते.

मामांनी वळून मागच्या भिंतीकडे पाहिलं, जणू तिथे कुणी साक्षीदार उभा होता. "म्हणजे सूत पण तुमचं, मजुरी पण तुमचीच? मग शेठ कोण?"

शेठ कोण, या प्रश्नावर गाईड मॅडम खाली पाहू लागल्या.

"बरं, एरवी काय करूलालाव?"

"कॉलेजात शिकवते. तासिका तत्त्वावर."

"म्हणजे?"

"तास घेतला तर पैसे. सुट्टीत नाही."

"आता सुट्टीच हाय की."

"हो."

"म्हणजे नगावर!" मामांचा चेहरा उजळला. चाळीस वर्षं त्यांनी नगावर चादरी विणल्या होत्या, लाइट गेली की मजुरी बंद. इतक्या शिकलेल्या बाईमध्ये त्यांना आपलं माणूस सापडलं. इतकी वर्षं मी मुलाखती घेत हिंडले, 'उतरंडीतील असुरक्षितता' असं प्रकरणाला नाव दिलं, तेव्हा मीही त्याच उतरंडीत उभी आहे हे माझ्या तोंडावर कुणी बोललं नव्हतं. हसू आलं आणि तळपायाची आग मस्तकातही गेली.

मामा सरळ टेबलापर्यंत आले. प्रबंध उचलला. उघडला नाही. काळ्या बाइंडिंगचं कापड अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून चुरगाळल्यासारखं केलं, कडेचा एक धागा नखाने वर काढला, उजेडाकडे धरला. "खळ लै हाय. एका पावसात फुगतंय." मग सोनेरी अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाले, "नक्षी बरी हाय. कार्डं तुम्हीच पाडली का दुसऱ्याकडून?" जकार्डला पुठ्ठ्याच्या कार्डांवर छिद्रं पाडून नक्षी चढवतात. एक छिद्र चुकलं की प्रत्येक चादरीतला मोर त्याच डोळ्याने चकणा. प्रबंध स्वतः लिहिला का विकत घेतला, हा प्रश्न इतक्या सभ्यपणे कुणी विचारलेला मी ऐकलेला नाही. आमच्याकडे ते नक्कल पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला विचारतात, आणि ते माझाच जुना पेपर दाखवून मलाच चोर ठरवतं.

"मीच पाडली," मी म्हणाले.

"मग पास करा की," मामा परीक्षकांना म्हणाले.

सरांनी पहिल्यांदाच पेन खाली ठेवून मान वर केली. म्हणाले, "काका, मला सांगा, अस्सल चादर ओळखायची कशी? आणि इथे स्वस्तात कुठे मिळते?" पुढचा सगळा वेळ त्यातच गेला. माझं तिसरं प्रकरण नेमकं यावरच आहे, हे सांगायला मी दोनदा तोंड उघडलं. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, 'शिफारस करण्यात येते' वगैरे वाचून दाखवलं, टाळ्या झाल्या. फोटोत मधोमध मामा आहेत, हातात माझा बुके. मी कडेला, अर्धा खांदा कापलेला.

शेंगापोळी खाऊन मामा म्हणाले, "डॉक्टर झालाव की. आता खिडकीवर तुमचं ऐकतील, चला." मलाही फीच्या चलनाचं विचारायचं होतंच. गेलो दोघं. खिडकीतल्या बाईंनी नातवाचे कागद पाहिले, माझे पाहिले, दोन्ही गठ्ठे एकाच वेळी परत सरकवले. "झेरॉक्सवर सही नाही. दोघंही उद्या या."

मामांनी पिशवीला गाठ मारली आणि मला विचारलं, "उद्या कुणाचा व्हायवा हाय?"