आधी घराला बसवा

पारा ४५ वर गेला की नागपुरात शाळा ऑनलाइन होऊन घरात शिरते. पोरगं मोबाइलसमोर बसतं आणि घरातली झाडून सगळी माणसं त्याला स्थिर बसवायच्या मागे लागतात. माझं म्हणणं एवढंच, आधी घराला बसवा. पोराचं नंतर पाहू.

पहिला मान कूलरचा. खिडकीतला लोखंडी कूलर चालू असताना माइक उघडला, की भूगोलाच्या बाईंना वावटळ शिकवावीच लागत नाही. पंप बंद करून फायदा नाही, आवाज पंख्याचा असतो. पोराला झोताच्या बाजूला बसवावं आणि तारेचा इअरफोन द्यावा. ब्लूटूथवाल्याची बॅटरी नेमकी तोंडी परीक्षेला संपते. खिडकीकडे पाठ करून बसवलं तर चेहऱ्याच्या जागी काळा ठिपका दिसतो आणि बाईंचा "कॅमेरा लाव"चा जप सुरू होतो.

राउटर बहुतेक घरांत लोखंडी कपाटामागे असतो, कारण वायर तिथून आली! लोखंड सिग्नल अडवतं. तो घराच्या मधोमध, पाच-सहा फूट उंचीवर हवा. ५ गिगाहर्ट्झ जोरात पळतं, पण महाल भागातल्या जुन्या घराच्या जाड भिंतीपुढे हात टेकतं, तिथे २.४ बरं.

खरी मजा लाइट गेल्यावर. राउटर इन्व्हर्टरवर असतो, पण फायबरची तार ज्या डबीत येते ती डबी साध्या प्लगवर. मग राउटर ऐटीत लुकलुकतो आणि नेट मेलेलं असतं. दोन्हींना बॅकअप द्या. छोटा यूपीएस घ्यायला सीताबर्डीत जाण्याआधी अडॅप्टरवर ९ व्होल्ट लिहिलंय की १२, ते वाचा. दुकानदार "चालून जाते ना भाऊ" म्हणतो. ९ वाल्याला १२ दिले तर राउटरच चालून जातो, कायमचा.

मोबाइल चार्जिंगला लावून तास चालवला की तो तापतो, स्क्रीन मंद होते, सर अडखळायला लागतात. रात्रीच चार्ज करा, तासाच्या वेळी कव्हर काढा. गरम मोबाइल फ्रिजमध्ये ठेवणारे महाभाग आहेत. आत दव धरतं, मग मोबाइल खरोखरच थंड होतो.

माणसांचा बंदोबस्त सगळ्यात कठीण. आजीचं "बेटा, पोहे खाल्ले का?" अख्खा वर्ग ऐकतो, ते चालेल. शेजारी बसून उत्तरं पुटपुटणारा बाप मात्र दुसऱ्या खोलीत हवा. पोरगं बाईंचं ऐकायचं सोडून त्याच्या तोंडाकडे बघतं, आणि उत्तर बरेचदा चुकीचं असतं.

जागा रोज तीच, वेळ तीच, आंघोळ करून, पलंगावर नाही. भिंतीवर एक कागद डकवा: नेट रडलं तर व्हिडिओ बंद, नुसता आवाज, राउटर गेला तर आईच्या मोबाइलचं हॉटस्पॉट, तेही गेलं तर ई-बालभारतीवरून आधीच उतरवलेलं पुस्तक उघडायचं आणि मित्राला पान नंबर विचारायचा. पुढे काय करायचं हे ठाऊक असलं की पोरगं रडकुंडीला येत नाही.

सरांनाही हात जोडून विनंती: लिंक रोज तीच ठेवा. झूमची फुकटची ४० मिनिटं संपली की प्रमेय 'म्हणून'वरच लटकतं. धडा ३० मिनिटांचाच आखा, उरलेली १० "आवाज येऊन राहिला का?" यालाच लागतात.