आरसीयू कुठून चालवावी? निपाणीच्या वाचकांच्या आक्षेपांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्यात ऑरेकलचा डेटाबेस एआयएक्स (आयबीएमची युनिक्स प्रणाली) सर्व्हरवर असताना, ऑरेकलच्याच फ्यूजन मिडलवेअर या सॉफ्टवेअर-संचाच्या ११जी आवृत्तीला लागणारे स्किमा, म्हणजे डेटाबेसमधील तक्त्यांचे संच, तयार करण्यासाठी रिपॉझिटरी क्रिएशन युटिलिटी, म्हणजे आरसीयू, त्याच नेटवर्कमधील लिनक्स संगणकावरून चालवावी, असे मी लिहिले होते. ही पळवाट आहे, त्यापेक्षा आरसीयूच्या फायली एआयएक्सवर उतरवून तिथलाच जावा वापरावा, ‘सिस’चा, म्हणजे डेटाबेसच्या सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड दुसऱ्या संगणकावर टाकणे धोक्याचे आहे आणि तपासणीत इशारा आलाच तर ‘इग्नोर’ दाबून पुढे जावे, असे आपले म्हणणे आहे.

यात पळवाट कोणतीही नाही. ११जीची आरसीयू केवळ लिनक्स आणि विंडोजसाठी दिली जाते आणि तेथून प्रमाणित डेटाबेसशी, मग तो त्याच संगणकावर असो वा दूरच्या सर्व्हरवर, जोडणी करावी, असे ऑरेकलचे दस्तऐवजच सांगतात. ऑरेकलच्या लेखी ‘असमर्थित’ आहे ते आरसीयू एआयएक्स सर्व्हरवर चालवणे. तिने त्या सर्व्हरवरील डेटाबेसमध्ये स्किमा तयार करणे नव्हे. होस्ट, पोर्ट (बहुधा १५२१) आणि सर्व्हिसचे नाव दिले की ती लिसनरमार्फत (डेटाबेसच्या जोडण्या स्वीकारणारा प्रोग्राम) डेटाबेसला आज्ञा पाठवते आणि टेबलस्पेसच्या, म्हणजे डेटा साठवण्याच्या जागेच्या, डेटाफायली डेटाबेस स्वतःच्या डिस्कवर तयार करतो. म्हणून डेटाफायलींचा मार्ग सर्व्हरच्या दृष्टीने लिहावा लागतो, आणि लॉग मात्र आरसीयू जिथे चालते तिथे सापडतात. नवख्यांचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो. फायली एआयएक्सवर नेऊन तिथल्या जावाने ती कशीबशी सुरू झालीच, तरी पुढे अडचण आल्यावर मदत मागायला आधार उरत नाही.

पासवर्डविषयीची आपली काळजी रास्त आहे, आणि तिच्यावर उपाय आहे. हे काम कारखान्याच्याच नेटवर्कमध्ये, डेटाबेस प्रशासकासमोर, एसएसएच टनेलमधून (कूटबद्ध जोडणीतून) करावे आणि झाल्यावर पासवर्ड बदलावा. १२सी आवृत्तीत तर आरसीयूकडून स्क्रिप्ट तयार करून घेता येतात. त्या प्रशासक स्वतः चालवतो आणि उरलेला डेटा भरणाऱ्याला ‘सिस’ची गरजच पडत नाही. खानापूरला घरी बसून मोबाइलच्या इंटरनेटवरून हे काम करू नये, हे मात्र मी आग्रहाने सांगेन, कारण जोडणी मध्येच तुटली तर स्किमा अर्धवट राहतात आणि त्याच प्रिफिक्सचे (नावाआधी लावलेल्या उपसर्गाचे) स्किमा ‘ड्रॉप’ करून सगळे पुन्हा करावे लागते.

‘इग्नोर’ दाबण्याशी मात्र मी मुळीच सहमत नाही. डेटाबेसचा कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरे साठवण्याची संकेतपद्धत, एएल३२यूटीएफ८ (ऑरेकलमधील युनिकोड) नसेल तर आरसीयू इशारा देते, आणि तो इशारा डेटाबेसविषयी असल्याने ती कोणत्याही संगणकावरून चालवली तरी येणारच. आपल्या भागात तर कामगारांची नावे मराठीत आणि कन्नडमध्ये अशी दोन्ही लिपींत ठेवावी लागतात. डब्ल्यूई८एमएसविन१२५२ सारख्या जुन्या कॅरेक्टर सेटमध्ये दोन्ही लिपींच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात. एएल३२यूटीएफ८मध्ये या लिपींतील प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे ‘बेळगाव’ या नावाला १८; त्यामुळे ३० बाइटांच्या रकान्यात काना-मात्रांसह जेमतेम १० चिन्हे मावतात. तेव्हा आधी कॅरेक्टर सेट बदलावा, रकान्यांची लांबी बाइटांऐवजी अक्षरांत मोजावी आणि मगच आरसीयू चालवावी.